एकच हुकूम, सगळे संगणक
(सभासद शिक्षण)



उसाचे बेणे, खताची मात्रा आणि पाण्याची पाळी हे आपले रोजचे विषय. या वेळी मात्र कचेरीतल्या एका गोष्टीचा पाठ घ्यावयाचा आहे. विषय कचेरीतला असला तरी त्याचा संबंध थेट आपल्या चुकाऱ्याशी आहे, म्हणून कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचावे.

आपल्या उसाची नोंद आज संगणकात होते. तोडणीचा क्रम संगणकातून निघतो. काट्यावर गाडी चढली की वजन संगणकात उतरते, आणि हिशेब विभागातला संगणक बिल काढून रक्कम बँकेत पाठवतो. म्हणजे वावरातून निघालेला ऊस खात्यात पैसा होऊन पडेपर्यंत चार-पाच संगणकांच्या हातून जातो. या संगणकांवर कोण बसते, त्यांत काय बदलू शकते आणि कोणाच्या हुकमाने बदलू शकते, हे सभासदाला ठाऊक नको काय?

रक्कम किती, जोखीम किती

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. म्हणजे टनाला ३,५५० रुपये. एका खेपेत अर्ध्या टनाची चूक झाली तर तोडणी-वाहतुकीची कपात धरण्यापूर्वीच १,७७५ रुपयांचा फरक पडतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. आता ऐन हंगामात हिशेबाचे संगणक आठ दिवस बंद पडले, किंवा कोणी आपल्या नावापुढचा खाते क्रमांक बदलला, तर काय होईल याचा विचार करा.

एकेक यंत्राला सांगणे आणि सगळ्यांना एकदम सांगणे

समजा कारखान्यात चाळीस संगणक आहेत. नियम ठरला की बाहेरची पेन ड्राइव्ह कोणत्याही संगणकाला चालू नये. आता एक माणूस चाळीस टेबलांवर जाऊन ही सोय बंद करील. दोन यंत्रे राहून जातील, तीन ठिकाणी "आज काम आहे, उद्या या" असे सांगतील, आणि महिन्याने कोणीतरी ती सोय परत चालू करील. नियम कागदावर राहतो, यंत्रात उतरत नाही.

यावर उपाय म्हणून मध्यवर्ती धोरणाची पद्धत आहे. विंडोज असलेल्या कचेरीत तिला 'ग्रुप पॉलिसी' म्हणतात. २००० साली विंडोज २००० बरोबर ती आली. तिची रचना अशी: एक मुख्य संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणावे. त्यात 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' नावाची नोंदवही असते. आपल्या सभासद नोंदवहीत जसा प्रत्येक सभासद, तसा या वहीत कचेरीतला प्रत्येक संगणक आणि त्यावर काम करणारा प्रत्येक कर्मचारी नोंदलेला असतो. या सगळ्या कुटुंबाला 'डोमेन' म्हणतात. नियम एकदाच सर्व्हरवर लिहावयाचा, आणि वहीत नोंद असलेल्या यंत्रांनी तो पाळावयाचा.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण

पेंच प्रकल्पाचे पाणी आपण पाहतो. तोतलाडोहला वीज तयार करून पाणी कामठी खैरीच्या धरणात येते, तिथून डाव्या आणि उजव्या कालव्याला जाते. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, पुढे चारी आणि शेवटी धुऱ्यावरून वावरात. पाळी किती दिवसांची हे वरून ठरते, प्रत्येक शेतकरी आपापल्या मनाने दार उघडत नाही.

धोरणही असेच पायरीपायरीने खाली उतरते. आधी त्या यंत्राचा स्वतःचा नियम, त्यावर त्या ठिकाणाचा, त्यावर संपूर्ण डोमेनचा, आणि शेवटी त्या विभागाचा. वहीत शेतकी, वजनकाटा, हिशेब, भांडार असे कप्पे केलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला आपले वेगळे नियम लावता येतात. दोन नियमांत विरोध आला तर शेवटी लागलेला, म्हणजे यंत्राला सर्वांत जवळच्या कप्प्याचा नियम चालतो.

याचा फायदा एका उदाहरणाने पाहू. सर्व कचेरीला नियम लावला की पाच मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडदा बंद व्हावा आणि पासवर्ड दिल्याशिवाय उघडू नये. हिशेब विभागाला हे ठीक. पण काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. दोन गाड्यांमध्ये सहा मिनिटे गेली की पडदा बंद, आणि काटेवाला दर वेळी पासवर्ड टाकत बसला तर बाहेर ट्रॅक्टरवाले आरडाओरडा करतील. मग तो पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवेल, आणि नियम असून नसल्यासारखा होईल. म्हणून काट्याच्या कप्प्याला पंधरा मिनिटांची मुभा द्यावी.

पण काही नियमांत अशी मुभा नको. पेन ड्राइव्हबंदीचा नियम वरूनच 'सक्तीचा' अशी खूण करून लावला, म्हणजे खालचा कप्पा तो मोडू शकत नाही. कोणता नियम सक्तीचा आणि कोणता सवलतीचा, हे ठरविण्यातच खरे शहाणपण आहे.

हुकूम कधी पोचतो

पाट आणि धोरण यांत एक फरक आहे. पाणी वरून सोडले की आपोआप खाली येते. धोरण मात्र प्रत्येक संगणक स्वतः सर्व्हरकडे जाऊन विचारून घेतो. यंत्र सुरू होताना यंत्राचे नियम, आणि माणूस आपले नाव व पासवर्ड टाकून आत शिरताना त्या माणसाचे नियम. त्यानंतर नेमाने दर ९० मिनिटांनी पुन्हा विचारणा, आणि त्यात शून्य ते ३० मिनिटांची वाढ यंत्र आपल्याच मनाने करते. ती कशाला? सगळे एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभे राहू नयेत म्हणून. सगळ्या गाड्या एकदम काट्यावर आल्या तर काय होते, हे आपल्याला सांगावयास नको.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जो संगणक बंद आहे, किंवा गावातल्या गट कचेरीत आहे आणि ज्याची तार सर्व्हरपर्यंत पोचत नाही, त्याला नवा हुकूम कळत नाही. तो जुन्याच नियमावर चालत राहतो.

वारणेचा धडा

गावोगावच्या संगणकांची देखभाल किती अवघड असते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच धंद्यात आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात 'वायर्ड व्हिलेजेस' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा साखर कारखाना यांनी मिळून सुमारे सत्तर गावांसाठी तो आखला. गावातल्या केंद्रात संगणक ठेवला, आणि ऊस उत्पादकाने तिथेच आपली नोंद, तोडणीचा परवाना आणि हिशेब पहावा अशी योजना होती. त्या काळात ही मोठीच झेप होती.

पुढे यंत्रे जुनी झाली. विजेचा आणि तारेचा त्रास, दुरुस्तीचा खर्च सुरूच राहिला. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलच्या लघुसंदेशाने हीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्याला मुख्यतः आपल्या उसाची माहितीच हवी होती, आणि ती साध्या मोबाइलवर कमी खर्चात मिळू लागली.

आपण यातून काय घ्यावे? संगणक विकत घेणे सोपे, वर्षानुवर्षे नीट ठेवणे कठीण. जिथे मोबाइलवर भागते तिथे संगणक ठेवू नये, आणि जिथे ठेवावाच लागतो तिथे तो मध्यवर्ती शिस्तीत असावा.

वरची किल्ली सांभाळा

आता दुसरी बाजू. ज्या वाटेने चांगला हुकूम सगळ्या यंत्रांत पोचतो, त्याच वाटेने वाईटही पोचू शकते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा संगणकी घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालविला जाणारा न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातला टर्मिनल त्यात ठप्प झाला. आपल्या राज्यातले हे बंदर, आणि कंटेनरचे काम अडून राहिले. कंपनीने पुढे सांगितले की सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

हा प्रोग्रॅम दोन वाटांनी शिरत होता. एक वाट विंडोजमधल्या दोषाची. तो दोष बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती, पण अनेकांनी ती बसविली नव्हती. दुसरी वाट अशी की एका यंत्रातून व्यवस्थापकाचा पासवर्ड चोरून त्याच अधिकाराने पुढच्या यंत्रात जाणे. मर्स्कच्या नोंदवहीच्या साऱ्या प्रती नष्ट झाल्या. वाचली ती घाना देशातल्या कचेरीतली एकच प्रत. तीही कशामुळे, तर तिथली वीज गेल्यामुळे ते यंत्र त्या वेळी बंद होते म्हणून! इतक्या मोठ्या कंपनीला भारनियमनाने वाचविले म्हणावयाचे.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्या. दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या, आणि त्यांची वेळ धोरणानेच ठरवून द्यावी. व्यवस्थापकाचा पासवर्ड रोजच्या कामाला वापरू नये, त्याला वेगळे खाते ठेवावे. आणि नोंदवहीची व हिशेबाची एक प्रत तार न जोडलेल्या जागी, कुलुपात ठेवावी. नुसती ठेवू नये, वर्षातून एकदा ती उघडून पुन्हा उभी राहते का तेही पहावे.

धोरणाने काय होत नाही

धोरण म्हणजे जादू नव्हे. काट्याचा पारडाच चुकत असेल तर संगणक ते चुकलेलेच वजन इमानाने लिहून ठेवील. काट्याची तपासणी आणि मोहोर हे वैधमापन शास्त्र विभागाचे काम, ते वेगळे व्हावेच लागते. तसेच ज्याला खाते क्रमांक बदलण्याचा अधिकार आहे, त्यानेच खोटा क्रमांक टाकला तर धोरण त्याचा हात धरत नाही. त्यासाठी दोन माणसांची मंजुरी लागते: एकाने बदलावे, दुसऱ्याने कागद पाहून मान्य करावे. धोरणाने एवढे होते की प्रत्येकाला आपल्याच नावाने शिरावे लागते, केव्हा कोण शिरले याची नोंद राहते, आणि संगणकाचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळलेले राहते. घड्याळ महत्त्वाचे. चिठ्ठीवरची वेळ खरी असेल तरच कोणाची गाडी किती तास उभी राहिली आणि ऊस किती वाळला, हे सांगता येते.

खर्चाचे काय

विंडोजची 'होम' आवृत्ती डोमेनमध्ये सामील होऊ शकत नाही, त्यासाठी 'प्रो' किंवा त्यावरची आवृत्ती लागते. स्वस्त म्हणून होम आवृत्तीचे संगणक घेतले की ते कायम शिस्तीबाहेर राहतात. सर्व्हरला वेगळा परवाना लागतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी 'सांबा' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, आणि २०१२ साली आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो असा सर्व्हर होऊ शकतो. मात्र तो चालविणारा जाणता माणूस हवा. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद झाली आहे. ती असलेली यंत्रे एकतर बदलावी किंवा वाढीव मुदतीची सोय घ्यावी.

आणि नवा नियम गाळप सुरू असताना एकदम सगळीकडे लावू नये. गिरणीची ओव्हरहॉलिंग आपण बिगरहंगामात करतो, तसे संगणकांचेही करावे. आधी एक-दोन यंत्रांवर चालवून पहावे, मग सगळ्यांना.

सभेत विचारावयाचे प्रश्न

वार्षिक सभेत अहवाल हातात आला की आपण ताळेबंद पाहतो. त्याबरोबर हेही विचारावे:

१. कारखान्यातील एकूण संगणक किती, आणि त्यांपैकी मध्यवर्ती धोरणाखाली किती? गट कचेऱ्यांतले धरले आहेत काय?
२. काट्यावरचे कर्मचारी वेगवेगळ्या नावांनी शिरतात की सगळ्यांचा एकच पासवर्ड आहे?
३. सभासदाचा बँक खाते क्रमांक बदलावयास किती जणांची मंजुरी लागते? बदल झाला की सभासदाला मोबाइलवर संदेश येतो काय?
४. व्यवस्थापकाची किल्ली किती जणांकडे आहे? नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद होते काय?
५. कुलुपातली प्रत शेवटची केव्हा उघडून तपासली?

उत्तर देणाऱ्याला अडचणीत आणण्यासाठी हे प्रश्न नाहीत. उत्तर "माहीत नाही" असे आले तर पुढच्या सभेपर्यंत माहीत करून घ्या, असे नम्रपणे सांगावे आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. आणि आपल्यापुरते एवढे करावे: काट्याची चिठ्ठी जपून ठेवावी, बिल आले की वजन, तारीख आणि खाते क्रमांक ताडून पहावा, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात शेतकी विभागाला लेखी कळवावे.