गोळी बंद करा, असं तोंडी सांगितलं होतं

मी कंटाळून गोळी सोडली नव्हती. मला ती बंद करायला सांगितलं होतं. हे आधी लिहून टाकते, कारण आजही आमच्या गावात बऱ्याच जणांना वाटतं की शिलाईच्या धांदलीत माझं औषधाकडं दुर्लक्ष झालं आणि मग मी डॉक्टरवर ढकललं. आजारी माणसावर असा आळ घेणं फार सोपं असतं. कागद त्याच्याजवळ नसतो.

२०१९ साली माझ्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्त तपासलं, तेव्हा 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह', म्हणजे हिपॅटायटिस बी, आलं. तपासणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी 'ऑस्ट्रेलिया अँटिजन' असं जुनं नाव सांगितलं आणि घरी वेगळाच गोंधळ झाला. जाऊबाईंनी विचारलं, "ऑस्ट्रेलियाचं दुखणं तुले कसं लागलं व?" साठच्या दशकात ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला हा घटक पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात दिसला, म्हणून ते नाव पडलं. त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं. आजाराचा त्या देशाशी तेवढाच संबंध. मला तो बहुतेक जन्मतःच आईकडून आला. माझी आई पोटात पाणी होऊन गेली, तेव्हा लिव्हरचं कारण कोणी शोधलंच नव्हतं. नंतर भावाला तपासायला लावलं, तोही पॉझिटिव्ह निघाला.

सेवाग्रामच्या रुग्णालयात माझ्या रक्तातला विषाणूचा आकडा काढला, लिव्हरची तपासणी केली आणि एचआयव्हीचीही चाचणी केली. तेव्हा मला त्या चाचणीचा अपमान वाटला होता. आता कारण कळतं. या गोळ्या एचआयव्हीवरही काम करतात. तो असेल आणि एकटीच गोळी चालू केली, तर पुढं एचआयव्हीची औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात. म्हणून ती चाचणी सगळ्यांनाच सांगतात, कोणी मनाला लावून घेऊ नये.

मग टेनोफोविर ३०० सुरू झाली. रोज एक, ठरल्या वेळी. आम्हाला न विचारता एक दिवसही बंद करायची नाही, असं तिथं सांगितलं होतं, आणि पावणेतीन वर्षं मी ते पाळलं. लॉकडाऊनमध्येसुद्धा चुकवली नाही. मग दुसऱ्याचं ऐकलं कसं? कारण सांगणाराही डॉक्टरच होता.

फेब्रुवारी २०२२. लग्नसराईचे ब्लाऊज शिवून कंबर धरली होती. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून खायची, दिवसाला दोन, कधी तीन. कंबर राहीना, म्हणून बाजाराच्या गावी एका दवाखान्यात गेले. सोबत नवा रिपोर्ट नेला होता. त्यात लिव्हरचं एसजीपीटी एकदम चांगलं होतं, फक्त किडनीचं क्रिएटिनिन १.२ म्हणजे थोडं वर होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट उभ्याउभ्या पाहिला. एका हातात फोन होता, तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. म्हणाले, "ही गोळी किडनी खाते. लिव्हर तर नॉर्मल आहे तुमचं. कावीळ कुठं आहे? बंद करा, मी चांगलं सिरप देतो." कंबरेसाठी इंजेक्शन दिलं आणि पुन्हा त्याच डायक्लोफेनॅकची पट्टी लिहिली.

यात निम्मं खरं होतं, म्हणूनच मी फसले. टेनोफोविरमुळं काही जणांच्या किडनीवर ताण येतो, हाडंही विरळ होऊ शकतात, आणि त्यासाठीच क्रिएटिनिन व लघवी ठरावीक महिन्यांनी तपासतात. पण आकडा वाढला तर आधी सोबतच्या वेदनाशामक गोळ्या थांबवतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी किडनीला इजा होते आणि टेनोफोविरसोबत तो धोका वाढतो. तरी भागलं नाही तर गोळी बदलतात. एंटेकॅविर आहे, टेनोफोविरचाच दुसरा प्रकार टीएएफ आहे. एक बंद होते तेव्हा दुसरी हातात दिलेली असते. माझी काढून घेतली आणि हातात गोड सिरप दिलं.

जून उजाडला. शाळा उघडायच्या बेतात असल्या की आमच्याकडं गणवेशाचा ढीग पडतो. हातपाय गळून जायचे, मला वाटायचं कामामुळं. फोडणीचा वास सहन होईना. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, ती मी उन्हाळ्यावर ढकलली. एके सकाळी पांढऱ्या सदऱ्याचं कापड उजेडात धरून मी टाचणी लावत होते, समोर मुलगी बसली होती. ती कापडाकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुझे डोळे पिवळे झाले."

तरी आठ दिवस घरातच गेले. सासूबाई म्हणाल्या, "काविळीले डॉक्टरचं औषध नाही चालत, बाई." एका गावी मुळीचं औषध देतात, तिथं तीन वाऱ्या झाल्या. सासूबाईंचा मला राग नाही. त्यांनी आयुष्यभर पाण्यातून होणारी कावीळ पाहिली. ती 'ए' आणि 'ई' प्रकारची असते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. श्रेय मुळीला मिळतं. माझी कावीळ ती नव्हती, हे ओळखायला मात्र रक्त तपासावं लागतं, डोळे बघून कळत नाही.

सेवाग्रामला नेलं तेव्हा एसजीपीटी ११८६ होतं, बिलीरुबिन १४, आणि रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला. हे शेवटचं सगळ्यात वाईट, हे मला वॉर्डातल्या डॉक्टर बाईंच्या चेहऱ्यावरून समजलं. त्यांनी विचारलं, "ताई, गोळी कधी बंद केली?" चालू आहे का, असं विचारलंच नाही. सरळ कधी बंद केली. मी म्हटलं, फेब्रुवारीत, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, "कागद दाखवा."

मी पिशवीतून दवाखान्याची चिठ्ठी काढली. सिरपचं नाव होतं, इंजेक्शन होतं, डायक्लोफेनॅक होतं. गोळी बंद करा, हे कुठंच नव्हतं. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली. मागच्या बाजूला औषधवाल्यानं केलेली बेरीज तेवढी होती. तो क्षण मी विसरू शकत नाही. माझं लिव्हर बिघडलं होतं आणि ज्या शब्दानं बिघडलं, तो शब्द हवेत विरून गेला होता. पिशवीत टेनोफोविरची डबीही होती, आत अकरा गोळ्या तशाच.

डॉक्टर बाईंनी मग समजावलं ते असं. ही गोळी विषाणूला मारत नाही, त्याला स्वतःच्या नकला काढू देत नाही. मूळ प्रत लिव्हरच्या पेशीच्या गाभ्यात बसलेलीच असते. गोळी थांबली की नकला पुन्हा निघू लागतात, मग शरीर त्या पेशींवर तुटून पडतं, आणि या मारामारीत लिव्हर सुजतं, कधी निकामी होतं. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळं. तो गोळी सोडण्याची परवानगी नसतो. काही जणांची गोळी पुढं बंद करता येते, पण ते तज्ज्ञ विशिष्ट तपासण्या पाहून ठरवतात आणि नंतर कित्येक महिने रक्तावर नजर ठेवतात. माझ्या बाबतीत यातलं काहीही झालं नव्हतं.

मी सतरा दिवस दवाखान्यात होते. वाचले. यजमान त्या दवाखान्यात विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "मी तसं म्हटलंच नाही. बाईंचा गैरसमज झाला असेल." माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात मापाचा आकडा कधी चुकीचा ऐकला नाही, आणि 'बंद करा' हे दोन शब्द चुकीचे ऐकले म्हणे. त्यांनी चूक कबूल केली असती तर मी हे लिहिलंही नसतं कदाचित.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. त्याच दवाखान्यातून माझ्या आजाराची बातमी गावभर फिरली. अर्धवट शिवलेले ब्लाऊज बायका परत घेऊन गेल्या. एकीनं तर माझ्या हातचा चहा ओट्यावर तसाच ठेवला. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्यानं, कपड्यांनी, खोकल्यानं, मिठी मारल्यानं होत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. वस्तरा, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवावं, जखम झाकावी, एवढं मी करते. शिवताना सुई टोचलीच तर कापड बाजूला करते, पट्टी लावते. एकमेकांच्या ताटाची भीती बाळगणारी माणसं एकाच सुईनं इंजेक्शन घ्यायला मात्र घाबरत नाहीत. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं हाच आजार पसरला आणि कित्येक माणसं गेली. सिरिंजचं नवं पाकीट समोर फोडायला लावा, लाजू नका.

आता जे सांगायचं ते सांगते. गोळी बंद करा किंवा बदला, असं कोणीही म्हटलं तर म्हणा, 'कागदावर लिहून सही करून द्या.' जो लिहून देणार नाही, त्याचं ऐकायचं नाही. लिहून दिलं तरी गोळी चालू ठेवूनच, ज्यांनी ती सुरू केली त्यांना आधी दाखवा. गोळ्या पंधरा उरल्या की नव्या आणा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका, कारण बस बंद असते, साठा संपलेला असतो, घरी लग्न निघतं. डबीतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका, गोळ्या त्याच डबीत ठेवा. एखादी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

मला आता एंटेकॅविर आहे. ती रिकाम्या पोटी लागते, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. मी पहाटे पाचला नळ येतो तेव्हा घेते आणि चहा सातनंतर पिते. सुरुवातीला चहावाचून जीव कासावीस व्हायचा. टेनोफोविरला रिकाम्या पोटाची अट नाही, म्हणून शेजारणीची गोळी बघून आपली वेळ ठरवू नये.

दाताच्या डॉक्टरांनाही आजार सांगा. स्टेरॉइड किंवा कॅन्सरचं औषध सुरू होणार असेल तर आवर्जून सांगा, त्या औषधांनी हा विषाणू उसळू शकतो. दारू नको. लिव्हरची म्हणून विकली जाणारी चूर्णं विचारल्याशिवाय नकोत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, कारण या आजारात लिव्हरच्या कॅन्सरचा धोका असतो आणि गोळीनं तो कमी होतो, संपत नाही. वेळेवर जेवा, झोप घ्या.

घरच्यांची तपासणी आणि लस ही मी उशिरा केलेली गोष्ट. आपल्या देशभर बाळांना ही लस २०११ पासून मिळू लागली. माझी मुलं त्याआधीची. दोघंही निगेटिव्ह निघाली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. त्यांना आणि यजमानांना तीन डोस दिले, पहिला लगेच, दुसरा महिन्यानं आणि तिसरा सहाव्या महिन्यात. गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस मिळालीच पाहिजे, सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात. बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी हे बोलून ठेवा.

पैशासाठी गोळी सोडणारेही मी पाहिले. २८ जुलै २०१८ ला केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि या गोळ्या मोफत आहेत. जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन विचारा. पहिल्या खिडकीवर नाही कळलं तर दुसऱ्या खिडकीवर विचारा.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. "ताई, माहा रिपोर्ट नॉर्मल आला. आता कायले खाऊ गोळी?" कोणीतरी त्यालाही तसंच सांगितलंय. मी वाद घातला नाही. म्हटलं, रविवारी घरी ये, येताना डबी घेऊन ये आणि माझ्यासमोर गोळ्या मोज. येतो म्हणाला आहे.