क्रीडांगणावरील कथक

२७ जुलै २०१२ ची रात्र. लंडन शहराच्या पूर्व भागात, स्ट्रॅटफर्ड येथे, नव्याने बांधलेल्या क्रीडांगणात सुमारे ८० हजार माणसे दाटीवाटीने बसली होती. ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाचा सोहळा रंगात आला होता. हिरव्या कुरणांच्या जागी पाहता पाहता कारखान्यांची उंच धुराडी उभी राहिलेली लोकांनी पाहिली. लोखंडाच्या तप्त रसातून निघाल्यासारखी दिसणारी पाच प्रचंड वलये ठिणग्यांचा वर्षाव करीत आकाशात एकत्र आलेली पाहिली. रुग्णालयातील परिचारिका आणि मुले पलंगांभोवती आनंदाने नाचताना पाहिली. टाळ्यांचा कडकडाट थांबत नव्हता. अशा वेळी मैदानावरील प्रकाश मंदावला, गलबला ओसरला आणि मातकट रंगाचे पोशाख केलेला पन्नास नर्तकांचा समूह त्या तांबूस उजेडात उभा राहिला. त्यांना जे नृत्य करावयाचे होते, त्याचा विषय होता मृत्यू.

लग्नघरात मर्तिकाची गोष्ट काढू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगतात. मग जगातील सर्वांत मोठ्या उत्सवात मृत्यूला कोणी आणि का बोलावले?

त्याचे कारण सात वर्षांपूर्वीचे होते. ६ जुलै २००५ रोजी ऑलिंपिक सामने लंडनला मिळाल्याची घोषणा झाली, तेव्हा त्या शहरातील लोक रस्त्यारस्त्यांतून नाचले. दुसऱ्याच दिवशी सकाळी, कामावर जाण्याच्या गर्दीच्या वेळी, भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांत आणि एका बसमध्ये बाँबस्फोट झाले व ५२ निरपराध माणसे प्राणांस मुकली. या शहरापुरते पाहिले तर सामन्यांचा आनंद आणि ते दुःख ही जोडीनेच आली होती. सोहळ्याचे दिग्दर्शक डॅनी बॉइल यांना एकाला आठवून दुसऱ्याला विसरणे योग्य वाटले नाही. बॉइल हे मूळचे चित्रपट दिग्दर्शक. मुंबईत चित्रित झालेला ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा त्यांचा चित्रपट २००८ साली पुष्कळ गाजला होता. सोहळ्यातील काही मिनिटे आपल्यातून गेलेल्या माणसांसाठी राखून ठेवावयाची, असे त्यांनी ठरविले. प्रेक्षकांनी आपल्या दिवंगत आप्तांची छायाचित्रे आधीच पाठविली होती. ती मोठ्या पडद्यावर दाखवावयाची आणि पाठोपाठ एक नृत्य व्हावयाचे, अशी ती योजना होती. नृत्य रचण्याचे काम त्यांनी अक्रम खान यांच्याकडे सोपविले आणि विषय म्हणून मानवाच्या मर्त्यतेची कल्पना तेवढी दिली. बाकी सर्व नर्तकाने शोधावयाचे होते.

अक्रम खान यांचा जन्म १९७४ साली लंडनमध्येच झाला. त्यांचे आईवडील बांगलादेशातून तेथे येऊन स्थायिक झाले होते. आपल्या मुलाने आपल्या मातीची कला शिकावी, अशी आईची तळमळ होती. सात वर्षांचा अक्रम कथक शिकू लागला. त्याचे गुरू प्रताप पवार हे पंडित बिरजू महाराजांचे शिष्य. अशा रीतीने लखनौ घराण्याची विद्या टेम्स नदीच्या काठी एका बंगाली मुलाच्या पायांत उतरू लागली. पुढे पीटर ब्रूक या नाट्यदिग्दर्शकाने महाभारताचे इंग्रजी नाटक घेऊन देशोदेशींचा दौरा केला, तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा अक्रम त्या नटसंचात होता. त्याच्या वाट्याला आलेल्या भूमिकांपैकी एक होती एकलव्याची. गुरूने दूर केल्यावरही मातीच्या मूर्तीपुढे विद्या शिकलेला आणि तीच विद्या अंगठ्यासह गमावून बसलेला तो मुलगा! मोठेपणी खान यांनी कथकाच्या जोडीला पाश्चात्त्य आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतले आणि २००० साली स्वतःची नृत्यसंस्था स्थापन केली.

आता कथक म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. कारण या कामातील खरी अडचण तेथेच होती. कथा सांगणारा तो कथक. उत्तर भारतात देवळाच्या ओसरीवर कथा सांगणाऱ्यांची ही कला पुढे लखनौ, जयपूर येथील दरबारांत वाढली. तिचे प्रेक्षक नर्तकापासून दहा-पंधरा हातांवर बसलेले असत. भुवई किंचित उचलली, बोटांनी घुंगट सावरल्याचा नुसता आभास केला, तरी तो समोरच्या रसिकाला कळे आणि तो मान डोलावी. नर्तकाच्या प्रत्येक पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू असतात. पण कसलेला नर्तक मनात आणील तर त्यांतील अगदी मोजकीच वाजवून दाखवितो. तबलजी बोल वाजवितो, पाय त्याला उत्तर देतात, आणि सोळा मात्रांचे आवर्तन फिरून समेवर आले की नर्तक एकदम निश्चल उभा राहतो. तो थांबण्याचा क्षण पाहण्यासाठी जुने रसिक रात्ररात्र जागत. ही कला अशी समईच्या उजेडात वाढलेली आहे.

क्रीडांगणात यांतले काय टिकणार? मैदानाच्या मध्यापासून शेवटच्या रांगेतला प्रेक्षक शंभर मीटरहून अधिक दूर असतो. त्याला भुवई दिसत नाही, बोटांची मुद्रा दिसत नाही. माणूसच काडीएवढा दिसतो. घुंगरांचा नाद तर वाऱ्यावर विरून जातो. त्याहून मोठी फसवणूक करतो तो ध्वनी. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हा वेग आपल्याला मोठा वाटतो. पण शंभर मीटर जाण्यास त्याला एक चतुर्थांश सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा बरोबर पाव सेकंदाची होते. म्हणजे मैदानाच्या एका टोकाला वाजलेली सम दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मात्रा उलटून गेलेली असते! ध्वनिक्षेपकाचा आवाज ऐकून सारे नाचू लागले, तर जवळचे आधी आणि दूरचे मागाहून, अशी गत व्हावयाची. म्हणूनच अशा सोहळ्यांत कलावंतांच्या कानांत लहानशी श्रवणयंत्रे बसवितात. त्यांतून सर्वांना ताल आणि सूचना एकाच क्षणी मिळतात. लंडनलाही तशीच व्यवस्था होती.

दिल्लीत १९८२ साली आशियाई सामने आणि २०१० साली राष्ट्रकुल सामने भरले, तेव्हाही उद्घाटनात आपली नृत्ये मोठमोठ्या पथकांनी सादर केली होती. तेथे संख्येचा, रंगीत वस्त्रांचा आणि रांगांच्या आकृतींचा उपयोग करून घेतला होता. शिवाय दिल्लीच्या प्रेक्षकांना ती नृत्ये ओळखीची होती. दुरून पोशाख दिसला तरी बाकीचे मन पुरे करी. लंडनमध्ये ती सोय नव्हती. तेथील बहुसंख्य प्रेक्षकांनी कथक हा शब्दही ऐकलेला नसावा. आणि पन्नास माणसे म्हणजे त्या विस्तीर्ण मैदानावर मूठभरच.

खान यांनी या मूठभरपणाचाच उपयोग केला. नर्तकांना मैदानभर पसरवून न देता त्यांनी त्यांना एकत्र ठेवले. पन्नास जणांचे हात एका लाटेसारखे उठावेत आणि खाली यावेत, पन्नास देह मिळून एकच देह श्वास घेतो आहे असे दुरून वाटावे, अशी ती रचना होती. जे एका बोटाने सांगावयाचे, ते आता साऱ्या समूहाच्या पाठीने आणि दंडांनी सांगावयाचे होते. कथकातील नाजूक काम त्यांना बाजूला ठेवावे लागले. पण ताठ कणा, पायाचा जमिनीवरचा ठाम आघात, गिरकी आणि वेगाच्या ऐन भरात येणारी ती निश्चलता यांना अंतराची बाधा होत नाही, ती राहिली. चक्रे आणि तिहाया मोजण्याची सवय असलेल्या रसिकाला हे कथक वाटलेच नसेल, आणि त्याची ती तक्रार अगदीच खोटी म्हणता यावयाची नाही. रोपटे दुसऱ्या जमिनीत लावले की पाने थोडी वेगळी येतात.

गीतही हर्षाचे नव्हते. हेन्री लाइट या धर्मोपदेशकाने १८४७ साली, स्वतःचा अंतकाळ जवळ आला असता, एक प्रार्थना रचली होती. दिवस मावळत आहे, अंधार दाटत आहे, अशा वेळी ईश्वराने सोबत करावी, असा तिचा आशय आहे. इंग्लंडमध्ये ‘अबाइड विथ मी’ ही प्रार्थना १९२७ पासून फुटबॉलच्या एका प्रसिद्ध अंतिम सामन्यापूर्वी गाइली जाते. त्यामुळे मैदानावरच्या प्रेक्षकांच्या ती ओठांवर असते. भारतालाही ती परकी नाही. महात्मा गांधींना ती फार प्रिय होती, आणि दिल्लीत २९ जानेवारीच्या संध्याकाळी होणाऱ्या सैनिकी वाद्यसंचलनाच्या शेवटी तिची धून अनेक वर्षे वाजत असे. २०२२ साली ती कार्यक्रमातून वगळण्यात आली. लंडनच्या त्या रात्री एमिली सँडे या गायिकेने ती गाइली. वाद्यांची साथ इतकी विरळ होती की एवढ्या मोठ्या क्रीडांगणात एकट्या कंठाचा स्वर ऐकू येत होता.

सराव सोपा नव्हता. सोहळ्यात भाग घेणाऱ्या हजारो स्वयंसेवकांनी महिनोन्महिने डॅगनम येथील मोकळ्या जागेत घाम गाळला होता. त्या वर्षी इंग्लंडात पाऊसही फार झाला आणि कित्येक तालमी भिजतच झाल्या. काय दाखविले जाणार आहे, हे बाहेर कोणालाही सांगू नये, अशी बॉइल यांची विनंती होती व बहुतेकांनी ती पाळली. खान यांच्यापुढे मात्र आणखी एक संकट उभे होते. त्या वर्षाच्या आरंभीच त्यांच्या टाचेवरची जाड शीर तुटली होती. धावणे, उडी घेणे, पाय आपटणे हे सारे याच शिरेच्या बळावर चालते. ती सांधून पूर्ववत बळकट होण्यास कित्येक महिने लागतात आणि कधीकधी ती पूर्ववत होतही नाही. कथक नर्तकाचा पाय जाणे म्हणजे एकलव्याचा अंगठा जाणेच होय. लहानपणी रंगभूमीवर केलेली ती भूमिका अशी आयुष्यात सामोरी येईल, असे त्या मुलाला तेव्हा स्वप्नातही वाटले नसेल. जानेवारीत जो पाय जमिनीवर टेकवत नव्हता, त्या पायावर खान २७ जुलैला मैदानात उतरले.

नृत्य पाच-सहा मिनिटांचेच होते. समूह पुढे सरके, मागे रेटला जाई, कोसळे आणि पुन्हा उठे. त्या दाटीत एक लहान मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा. तो मोठ्या माणसाकडे धावत येई, त्याला बिलगे. खान त्याला पोटाशी धरीत, आणि पुन्हा ती दोघे एकमेकांपासून ओढली जात. हा मुलगा आणि हा मनुष्य कोण? बाप आणि लेक म्हणावे, गेलेला आणि मागे राहिलेला म्हणावे, की एकाच माणसाचे बालपण आणि प्रौढपण? नृत्याने ते सांगितले नाही. मघापर्यंत गर्जत असलेले क्रीडांगण मात्र शांत झाले होते. ज्यांच्या आप्तांची छायाचित्रे थोड्या वेळापूर्वी पडद्यावर येऊन गेली होती, अशी माणसे त्या रांगांतून बसलेली होती; आपल्याला काय दिसले, हे ज्याचे त्याला ठाऊक.

जगातील कोट्यवधी लोकांनी हा सोहळा घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहिला. पण अमेरिकेतील प्रेक्षकांना हे नृत्य दिसलेच नाही. तेथील प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेने ती मिनिटे कापून त्या जागी एका विख्यात जलतरणपटूची मुलाखत दाखविली. कार्यक्रम आपल्या प्रेक्षकांना अनुरूप करून घेतला, असे तिचे म्हणणे पडले. खान यांनी आपली निराशा लपविली नाही. आपले नृत्य का गाळले गेले, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. त्यावर वृत्तपत्रांतून बराच वाद झाला, आणि ज्यांना ते पाहावयास मिळाले नव्हते, अशा अनेकांनी मागाहून ते मुद्दाम शोधून पाहिले.

मैदानावर असलेल्यांना त्या वेळी यांतील काहीच माहीत नव्हते. प्रार्थनेचा शेवटचा स्वर विरला, तांबूस प्रकाश मावळला आणि पन्नास नर्तक व तो मुलगा अंधारातून बाहेर गेले. मग दिवे पुन्हा लागले, ढोल वाजू लागले, आणि परंपरेप्रमाणे सर्वांआधी ग्रीस देशाचा ध्वज मैदानात आला.