मासे पकडायचे नाहीत, पाळायचे

मुलीने बारावीनंतर मत्स्यविज्ञानाला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न, ‘म्हणजे होडीवर जाणार?’ आई-बाबांची धास्ती समजते, पण हा धंदा आता पुष्कळसा जीवशास्त्राचा आहे. नॉर्वेत काय चालतं ते बघा.

१९७० साली तिथल्या हित्रा बेटावर दोन भावांनी सॅल्मनची पिल्लं समुद्रातल्या पिंजऱ्यात सोडली. आज तो देश वर्षाला सुमारे १५ लाख टन सॅल्मन काढतो. एका पिंजऱ्यात दोन लाखांहून जास्त मासे ठेवायचे नाहीत, असा कायदाच आहे. त्याहून काटेकोर हिशेब उवांचा. समुद्री ऊ माशाला चिकटते आणि त्याची कातडी कुरतडते. म्हणून ठरल्या दिवशी जाळीने काही मासे काढायचे, गुंगीच्या पाण्यात ठेवायचे आणि एकेक मासा उलटसुलट करून उवा मोजायच्या. माशामागे सरासरी ०.५ पूर्ण वाढलेल्या माद्या, ही वर्षातल्या बहुतेक काळची मर्यादा. ती ओलांडली की उपाय करावेच लागतात. समुद्रात सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या पोटात लस टोचली जाते, त्यामुळे प्रतिजैविकांचा वापर नगण्य झाला. रोग आटोक्यात नसला की काय होतं ते चिलीत दिसलं: २००७ साली तिथल्या पाळलेल्या सॅल्मनमध्ये विषाणू पसरला तेव्हा पिंजरेच्या पिंजरे रिकामे झाले आणि हजारोंची कामं गेली.

माझं मत स्पष्ट आहे: पिंजऱ्यावरच्या मजुरीसाठी परदेशी जाऊ नका. खाद्य, रोगनिदान, बीजोत्पादन यांपैकी एकात हात बसवा. उत्पादनखर्चाचा जवळपास निम्मा भाग खाद्यावरच जातो, त्यामुळे त्यातला जाणकार कंपन्यांना लागतोच.

सुरुवात घराजवळून होते. रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची बी.एफ.एस्सी., पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण. कोचीत मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या किनाऱ्यावर कोबिया आणि आपला जिताडा पिंजऱ्यात वाढवून दाखवला आहे.

नॉर्वेचं स्वप्न असेल तर एक गोष्ट आधीच पालकांच्या कानावर घाला. २०२३ पासून तिथल्या सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी भरावी लागते. ‘फुकट शिक्षण, लगेच नोकरी’ म्हणणाऱ्या एजंटाला आगाऊ पैसे देऊ नका. आणि प्रवेश घेण्याआधी मुलीला एखाद्या हॅचरीत दिवसभर उभं राहू द्या. ओले हात आणि माशाचा वास चालतो का, ते तिलाच कळेल.