‘पास आउट’ म्हणजे नेमकं काय झालं?



रविवारी वंदना झाली की विहारात आम्ही दोन वर्ग घेतो. अर्धा तास आयाबहिणींसाठी आरोग्याचा आणि अर्धा तास मुलांसाठी इंग्रजीचा. या वेळी दोन्ही वर्ग एकाच शब्दावर येऊन थांबले, म्हणून तो शब्द आरोग्याच्या पानावर घेत आहोत.

आमच्या वस्तीतल्या एक आजी उन्हाळ्यात नळाच्या रांगेत पडल्या. हंडा एकीकडे, आजी एकीकडे. मिनिटभर त्यांना काहीच कळत नव्हतं. मग डोळे उघडले आणि त्या म्हणाल्या, “काही नाही, चक्कर आली.” दवाखान्यात डॉक्टर परराज्यातले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. सोबत नववीतला नातू होता. त्यानं आजीच्या ‘चक्कर’चं इंग्रजी केलं, ‘गिडीनेस’. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. चकरेची गोळी मिळाली आणि आजी घरी आल्या.

पंधरा दिवसांत त्या पुन्हा पडल्या, या वेळी मोरीत. डोक्याला खोक पडली. घाबरलेल्या नातवानं गावाकडच्या नातेवाइकांना मोबाइलवर इंग्रजीत निरोप टाकला, ‘आजी पास्ड अवे’. त्याला म्हणायचं होतं ‘पास्ड आउट’. संध्याकाळपर्यंत गावाकडची माणसं जीप करून रडत दारात हजर, आणि आजी खाटेवर बसून चहा पीत होत्या! आता आम्ही हसतो. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः सोबत गेलो. डॉक्टरांना सांगितलं, “शी पास्ड आउट. ट्वाइस.” त्यांनी लगेच मान वर केली, नाडी पाहिली, ईसीजी काढायला लावला. नाडी फारच मंद चालत होती. पुढे मोठ्या रुग्णालयात आजींना पेसमेकर बसला. पहिल्या वेळी डॉक्टरांनी चार प्रश्न जास्त विचारायला हवे होते, हे आम्ही म्हणणारच. पण त्यांच्यापर्यंत पोचलेला शब्दही चुकीचा होता.

घोळाचं मूळ आपल्या ‘चक्कर’ या शब्दात आहे. घर फिरल्यासारखं वाटलं तरी आपण चक्कर म्हणतो, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर आणि माणूस धाडकन पडून बेशुद्ध झाला तरी चक्करच. डॉक्टरांच्या दृष्टीनं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घर फिरत असेल तर ते कानाकडे, मानेकडे बघतील. शुद्धच गेली असेल तर हृदय, रक्तदाब, साखर, रक्तातलं लोह, फिट, असा सगळा शोध सुरू होतो. म्हणून शुद्ध गेली होती की नाही हे पहिल्या वाक्यातच सांगायचं. मराठीत ‘बेशुद्ध झाली’, इंग्रजीत ‘शी पास्ड आउट’.

आता शब्दाकडे वळू. ‘पास’ला ‘आउट’ जोडलं की दोघं मिळून एकच क्रियापद होतं. ‘पास’ म्हणजे उत्तीर्ण आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर, असा वेगवेगळा अर्थ लावत बसलात तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे ‘बसणं’ वेगळं आणि ‘मरून बसणं’ वेगळं, तसंच हे.

मुलांची सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘शी वॉज पास आउट’. आपण ‘पास आउट झाली’ म्हणतो, म्हणून त्या ‘झाली’चं मुलं ‘वॉज’ करतात. ते नको. ही क्रिया माणसाची स्वतःची आहे, मध्ये कोणी लागत नाही. ‘शी पास्ड आउट.’ झालं वाक्य. लिहिताना ‘पास’च्या पुढे ई-डी लावायचं, पण बोलताना त्याचा उच्चार ‘पास्ट’सारखा होतो. प्रश्न विचारताना मात्र ई-डी गळून पडतं. ‘डिड शी पास आउट?’ यात ‘डिड’नं भूतकाळ सांगून टाकला, पुन्हा ‘पास्ड’ कशाला? नकार देतानाही तसंच, ‘शी डिडन्ट पास आउट, शी ओन्ली फेल्ट डिझी.’ म्हणजे शुद्ध गेली नाही, फक्त गरगरलं. हे एक वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या. आमच्या आजींच्या बाबतीत याच्या बरोबर उलटं वाक्य लागणार होतं.

शुद्धीवर आली हे सांगायला ‘शी केम राउंड’. दोन मिनिटांनी आली असेल तर ‘शी केम राउंड आफ्टर टू मिनिट्स’.

आणि ‘पास अवे’? ते मरण पावण्यासाठी. आपण ‘वारले’, ‘गेले’ म्हणतो तसा हा जपून वापरायचा शब्द. आपल्याकडच्या रुग्णालयांत ‘एक्सपायर झाले’ म्हणायची रीत पडली आहे. आम्हीही नोकरीत असताना वर्षानुवर्षं तसंच म्हटलं, पण आम्हाला ते कधी आवडलं नाही. एक्सपायर औषधाची बाटली होते.

हाच ‘पास’ एकटाही दवाखान्यात फिरतो. ‘पास युरिन’ म्हणजे लघवी करणं, ‘पास मोशन’ म्हणजे शौचाला होणं. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला असताना सिझेरियन झालेल्या एका बाईला आम्ही विचारलं, “गॅस पास झाला का?” ती म्हणाली, “कुठला बाई, अजून कागदच दिले नाहीत.” बिचारीला वाटलं सिलिंडरचं विचारतात. खालून वारा सरला का, एवढं साध्या मराठीत विचारलं असतं तर तिला जेवण लवकर मिळालं असतं. तेव्हापासून आम्ही ‘वारा सरला का’ असंच विचारतो. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

एक अर्थ मात्र आपल्याच देशात जास्त चालतो. ‘ती 2015 ला पास आउट झाली’ म्हणजे तिचं शिक्षण पूर्ण झालं. लष्करात प्रशिक्षण संपलं की जी परेड होते तिला पासिंग आउट परेड म्हणतात, खडकवासल्याच्या एनडीएतली आपण टीव्हीवर पाहतो. त्या अर्थानं शब्द बरोबरच आहे. पण आपल्या मुली आता नर्सिंग करून आखाती देशांत, इंग्लंडमध्ये जायची तयारी करतात. तिथल्या मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन 2015’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल, ही 2015 साली बेशुद्ध पडली होती! तिथं ‘आय कंप्लीटेड माय डिप्लोमा इन 2015’ म्हणावं. 

आता पडलेल्या माणसाबद्दल डॉक्टर काय विचारतात ते लक्षात ठेवा. किती वेळ शुद्ध नव्हती, पडण्याआधी काय करत होती, छातीत धडधडलं किंवा दुखलं का, हातपाय झटकले का, जीभ चावली गेली का, कपड्यात लघवी झाली का, बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत का. पडलेल्या माणसाला यातलं बरंचसं आठवत नसतं. म्हणून ज्यानं पडताना पाहिलं त्याला सोबत न्या. नळावरची शेजारीण असेल तर शेजारणीला न्या, तिला इंग्रजी येवो न येवो.

डॉक्टर येईपर्यंत आपण काय करायचं? उचलून बसवायचं नाही. आपल्याकडे दोघी जणी काखेत धरून उभं करतात, तिथंच चुकतं. डोक्याला रक्त कमी पोचलं म्हणून तर माणूस पडतो. सपाट आडवं ठेवा, पाय फूटभर वर धरा, गर्दी हटवा, गळ्याजवळचं सैल करा. पोटुशी असेल तर डाव्या कुशीवर वळवा. शुद्ध नसताना तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा, चप्पल नाकाला लावू नका. साधी भोवळ असेल तर आडवं केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडतो. नाही उघडले, किंवा छातीत दुखतंय, श्वास नीट चालत नाही, डोक्याला मार आहे, साखरेची रुग्ण आहे, पोटुशी आहे, तर 108 ला फोन करा. चालताना-धावताना अचानक शुद्ध गेली असेल तर माणूस लगेच बरा दिसला तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.

पुढच्या रविवारी मुलांनी ही तीन वाक्यं इंग्रजीत करून आणायची: ‘आई बेशुद्ध पडली नाही.’ ‘बाबा कामावर बेशुद्ध पडले का?’ ‘ताई एक मिनिटानं शुद्धीवर आली.’ आयांनी शेजारी बसून ती म्हणून घ्यायची, पाटी-पेन्सिलीची गरज नाही.