हुमणीचं औषध विहिरीत उतरतं का?

प्रश्न : उसात हुमणीसाठी क्लोरपायरीफॉसची आळवणी केली. विहीर तिथून पंधरा-वीस पावलांवर आहे आणि आम्ही तिचंच पाणी पितो. औषध झिरपत तिथवर जाईल का? जमिनीत ते किती दिवस राहतं?
– एक शेतकरी, ता. शिरोळ

उत्तर : क्लोरपायरीफॉसला पाण्याचं वावडं आहे. लिटरभर पाण्यात ते जेमतेम 1 ते 1.5 मिलिग्रॅम विरघळतं. बादलीत ओतल्यावर पाणी पांढरं होतं ते औषध विरघळल्यामुळे नव्हे, त्याचे बारीक थेंब तरंगत राहिल्यामुळे. रानात पडलं की ते चिकणमातीला आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला धरून बसतं. त्यामुळे बराचसा भाग वरच्या वीतभर थरातच अडकतो.

पण तुमची काळी जमीन उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी फाटते. भेगेत शिरलेलं पाणी मातीतून गाळून जात नाही, सरळ खाली धावतं आणि औषध चिकटलेली मातीही सोबत नेतं. वळवाच्या तोंडावर भेगाळलेल्या रानात आळवणी नको ती त्यासाठीच.

ते निम्मं व्हायला साधारण 60 ते 120 दिवस लागतात; ओल, ऊन आणि मातीप्रमाणे यात बराच फरक पडतो. दोन महिन्यांत निम्मं झालं, तरी चार महिन्यांनी पाव हिस्सा उरतोच. काळ्या जमिनीचा सामू बहुधा 8 च्या आसपास असतो आणि अशा मातीत ते जरा लवकर फुटतं. बाकीचं काम जिवाणू करतात. फुटल्यावर टीसीपी नावाचा पदार्थ तयार होतो. तो किडीला तितका घातक नाही, पण पाण्यात चांगला विरघळतो आणि जिवाणूंनाही बाधतो, म्हणून पुढची मोडतोड रेंगाळते. विहिरीकडे कोणी निघालंच, तर आधी हा निघेल.

हुमणीसाठी हल्ली फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रणही वापरतात. यातलं इमिडाक्लोप्रिड लिटरभर पाण्यात 600 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं! उघड्या पाण्यात ते उन्हाने झटकन मोडतं, मातीखाली मात्र महिनोन् महिने टिकतं. उग्र वास नाही, मात्रा थोडी, म्हणून लोकांना ते सौम्य वाटतं. मुरमाड रानात विहिरीलगत मला भीती त्याचीच जास्त वाटते.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही: बादली आणि पंप कुठे धुता? विहिरीच्या कठड्यापाशी धुत असाल, तर औषधाला झिरपायचीही गरज नाही. भांडी तीनदा विसळून ते पाणी सरीतच ओता. विहिरीकडच्या सऱ्यांत औषधाऐवजी शेणखतात मुरवलेली मेटारायझियम बुरशी द्या. पाण्याची शंका आली, तर ब्लीचिंग पावडरवर भिस्त ठेवू नका. क्लोरीनमुळे क्लोरपायरीफॉसचं ऑक्सॉन बनतं आणि ते मूळ औषधाहून जहाल असतं. कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्या, आणि अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.