दुखणं अंगावर काढू नका : आदिस अबाबाच्या दोन सर्जन बाया

या महिन्याचा आरोग्य पाठ अशा दुखण्यांविषयी आहे, ज्यांचं नाव आपण गटाच्या बैठकीतही काढत नाही. खोकलं, शिंकलं की लघवी सुटते. पाण्याचा हंडा उचलला की अंग बाहेर येतं. लग्नकार्याला जायचं म्हटलं तरी धाकधूक, कुणाला वास आला तर? बाईच्या जातीला हे चालायचंच, असं म्हणून आपण वर्षानुवर्षं अंगावर काढतो.

पण या दुखण्यांवर इलाज आहे. त्याचं वेगळं शिक्षण घेतलेले सर्जनही असतात. या शाखेला युरोगायनेकॉलॉजी म्हणतात. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, योनीमार्ग आणि गुदाशय या सगळ्यांना खालून झोळीसारखे स्नायू तोलून धरतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. जे फाटलं ते शिवायचं आणि जे सैल पडलं त्याला पुन्हा आधार द्यायचा, हे या सर्जनचं काम.

या कामात आयुष्य घालवलेल्या दोघींची ही ओळख. एक शिकलेली डॉक्टर आणि दुसरी तिच्याकडे आलेली निरक्षर पेशंट.

तीन वर्षांसाठी आल्या, जन्मभर राहिल्या

कॅथरिन हॅम्लिन यांचा जन्म 1924 साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत झाला. 1946 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांचे पती रेजिनाल्ड हेही स्त्रीरोगतज्ज्ञच. 1959 मध्ये दोघं लहान मुलाला घेऊन आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात, आदिस अबाबा या राजधानीत आले. तिथल्या सरकारी दवाखान्यात सुईणींची शाळा सुरू करायची होती आणि करार तीन वर्षांचा होता.

तिथे त्यांच्याकडे डोंगराळ भागातून कितीतरी दिवस पायपीट करून तरुण मुली येऊ लागल्या. अंगावरचे कपडे लघवीने ओले. बऱ्याच जणींना नवऱ्याने सोडलेलं, काहींना घरच्यांनी वेगळ्या झोपडीत ठेवलेलं. त्यांना फिस्टुला झालेला होता.

फिस्टुला म्हणजे नको तिथे पडलेलं भोक. बाळ अडलं की त्याचं डोकं आईच्या हाडात अडकतं. डोकं आणि हाड यांच्यामध्ये लघवीच्या पिशवीची कातडी दाबली जाते. दोन-तीन दिवस असंच गेलं तर तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि ती जागा मरते. काही दिवसांनी ती गळून पडते आणि तिथे भोक राहतं. मग लघवी रात्रंदिवस आपोआप गळत राहते. भोक मागच्या बाजूला पडलं तर शौचही. अशा बाळंतपणात बाळ बहुतेक वेळा दगावतं. म्हणजे बाई बाळाला मुकते आणि वर लोकांची बोलणीही खाते.

हॅम्लिन दांपत्याला ही शस्त्रक्रिया येत नव्हती, कारण त्यांच्या देशात हा आजार जवळजवळ दिसतच नव्हता. त्यांनी पुस्तकं वाचली, जाणकार सर्जनना विचारलं आणि करत करत शिकले. 1974 मध्ये त्यांनी फक्त याच आजारासाठी आदिस अबाबा फिस्टुला हॉस्पिटल उभं केलं. उपचार मोफत. बरी होऊन घरी निघालेल्या प्रत्येक बाईला नवा पोशाख. रेजिनाल्ड 1993 मध्ये वारले, पण कॅथरिन यांनी काम थांबवलं नाही. नव्वदीच्या उंबरठ्यावरही त्या शस्त्रक्रिया करत होत्या. मार्च 2020 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी त्या गेल्या. तोवर त्यांच्या संस्थेत साठ हजारांहून जास्त बायांवर उपचार झाले होते.

ममितूताईंची गोष्ट

ममितू गाशे शेतकऱ्याघरची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लहान वयात लग्न झालं. सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण अडलं, बाळ गेलं, फिस्टुला झाला. 1962 मध्ये तिला हॅम्लिन यांच्याकडे आणलं. एका शस्त्रक्रियेत तिचं भागलं नाही, पुन्हा पुन्हा टाके घालावे लागले.

ती तिथेच राहिली. आधी खाटांवरच्या चादरी घालणं, नव्याने आलेल्या घाबरलेल्या मुलींजवळ बसणं. मग शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारं हातात देणं. रोज बघून बघून तिला पुढे कोणतं हत्यार लागणार हे न सांगता कळू लागलं. डॉक्टरांनी तिचा हात धरून टाके शिकवले. होता होता ती स्वतः अख्खी शस्त्रक्रिया करू लागली. पुढे जगभरातून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनाही ती शिकवू लागली. 1989 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दांपत्याबरोबर तिलाही सुवर्णपदक देऊन गौरवलं. वाचायला ती मोठेपणी शिकली.

आपल्याला शिक्षण नाही म्हणून मागे बसणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट ऐकावी. पण एवढंही ध्यानात घ्या, ममितूताईंचा हात रोजच्या कामाने, जाणत्या सर्जनच्या नजरेखाली, कित्येक वर्षांत तयार झाला. गावातल्या कुणीही हत्यार हातात घ्यावं असा याचा अर्थ नाही.

भोक शिवण्यापेक्षा पडूच न देणं बरं

कॅथरिनबाईंनी ओळखलं होतं की नुसतं शिवत बसून हा आजार संपणार नाही. बाळंतपण वेळेत आणि जाणत्या हातांनी झालं पाहिजे. म्हणून 2007 मध्ये त्यांनी सुईणींचं महाविद्यालय काढलं. खेड्यापाड्यातल्या मुलींनी तिथे शिकावं आणि आपल्याच भागात परत जाऊन काम करावं, अशी योजना.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझर लागलं तरी मोफत. कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 ला फोन करा. रात्रभर कळा देऊनही बाळ पुढे सरकत नसेल तर सकाळची वाट बघू नका.

आपल्या गावातली गोष्ट

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या 92 जणींना अंगाचं काही ना काही दुखणं निघालं. त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8. म्हणजे दुखणं घरोघर होतं, पण तपासायला कुणी गेलंच नव्हतं.

आपल्याकडे जास्त दिसतं ते अंग बाहेर येणं आणि लघवी सुटणं. त्यासाठी एवढं लक्षात ठेवा :

- सुरुवातीला व्यायामाने फरक पडतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळा, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने करा. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करू नका. जमतोय की नाही हे नर्सताईंना विचारा.
- बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांवर उपचार घ्या. ओल्या बाळंतिणीला जड ओझं उचलू देऊ नका.
- अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर आत एक मऊ रिंग बसवू शकतात. तिने आधार मिळतो. सांगितलेल्या तारखेला ती तपासून, स्वच्छ करून घ्यायची.
- शस्त्रक्रिया लागली तरी दर वेळी गर्भपिशवी काढावीच लागते असं नाही. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी तरुण बायांची पिशवी न काढता तिला आधार देणारी शस्त्रक्रिया बसवली होती.
- नुसती पिशवी काढली आणि खालचा आधार पक्का केला नाही, तर पुढे योनीमार्गच खाली उतरू शकतो.
- लघवीतून किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं, लघवी अडली किंवा सतत गळू लागली, तर लगेच दवाखाना.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचं उजेडात आलं, तेव्हा 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून गटातून कर्ज काढून पिशवी काढायला निघालेल्या मैत्रिणीला आधी तीन प्रश्न विचारायला सांगा : मला नक्की काय झालंय? पिशवी न काढता दुसरा इलाज आहे का? नाही काढली तर काय होईल? उत्तर पटलं नाही तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी योजनेत खर्च बसतो का, तेही तिथेच विचारा.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गटातली बाई हे दुखणं कुणाला सांगते? कुणालाच का सांगत नाही?
2. बाळंतिणीला किती दिवस जड कामातून सुट्टी मिळते? ती वाढवायला घरात कोण बोलेल?
3. दवाखान्यात एकटीने जायला संकोच वाटतो. आपल्या गटातून सोबत कोण जाईल? दोघींची नावं आजच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.