मानाचे चार शब्द



आतापर्यंत आपण मराठी वाचायला शिकलो. दुकानावरची पाटी वाचता येते. अर्जावर सही करता येते. आता पुष्कळजण विचारतात, "गुरुजी, इंग्रजीचं काय? या वयात ते आम्हांला जमेल का?"

या प्रश्नामागे नुसती हौस नसते. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. शाळेतून पालकसभेचे बोलावणे येते. आजी म्हणते, "मी नाही बाई येत. तिथं कुणी इंग्रजीत बोललं तर?" बँकेत तीच धास्ती, दवाखान्यात तीच धास्ती. माणूस अंग चोरून उभा राहतो. इंग्रजी येत नाही म्हणजे आपल्याला काहीच येत नाही, असे त्याला वाटू लागते.

हे वाटणे खोटे आहे. ते कसे, ते या पाठात पाहू.

१. तुम्हांला किती इंग्रजी येते?

कात्रजहून स्वारगेटला जायचे आहे, असे समजा. तुम्ही स्टॉपवर उभे राहता. बस येते. कंडक्टर तिकीट देतो. पुढे सिग्नल लागतो. मोजा बरे, किती इंग्रजी शब्द झाले? स्टॉप, बस, कंडक्टर, तिकीट, सिग्नल. पाच झाले!

याच रस्त्यावर २००६ साली बसची वेगळी वाट सुरू झाली. तिला सगळे 'बी.आर.टी.' म्हणतात. ही तीन शब्दांची पहिली अक्षरे आहेत. बस, रॅपिड, ट्रान्झिट. रॅपिड म्हणजे जलद. ट्रान्झिट म्हणजे ने-आण. बसने जलद ने-आण, एवढाच त्याचा अर्थ.

घरी दुधाची पिशवी येते. तिच्यावर 'टोन्ड मिल्क' असे लिहिलेले असते. मिल्क म्हणजे दूध. टोन्ड म्हणजे स्निग्धांश कमी केलेले. टोन्ड दुधात शंभर भागांत निदान तीन भाग स्निग्धांश असावा लागतो. 'फुल क्रीम' दुधात तो निदान सहा भाग असावा लागतो. हे दोन शब्द ज्याला वाचता येतात, त्याला आपण कशाचे पैसे देतो ते कळते.

परक्या भाषेतले शब्द घेणे आपल्याला नवे नाही. पगार, पाव, बटाटा हे शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आले. आज ते परके वाटतात का?

मात्र एक सावधगिरी हवी. पूर्वी सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलत. तसे काही इंग्रजी शब्दांचे आपल्या घरी आल्यावर अर्थ बदलले आहेत. पाहा:

हॉटेल – आपण चहा-मिसळीच्या दुकानाला हॉटेल म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाला उतरण्याची जागा. खाण्याच्या जागेला रेस्टॉरंट म्हणतात.

मेडिकल – आपण औषधाच्या दुकानाला मेडिकल म्हणतो. इंग्रजीत त्या दुकानाला केमिस्ट किंवा फार्मसी म्हणतात.

लाइट – "लाइट गेली" असे आपण म्हणतो. इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड किंवा दिवा. वीज गेली तर "पॉवर" गेली असे म्हणतात.

मिस्टर – "माझे मिस्टर कामाला गेलेत" असे बायका सांगतात. इंग्रजीत मिस्टर हा शब्द पुरुषाच्या नावाआधी लावतात. नवऱ्याला "माय हजबंड" म्हणावे.

म्हणजे शब्दांची शिदोरी तुमच्यापाशी आहेच. ती कशी वापरायची, तेवढे शिकायचे आहे.

२. मान कुठे असतो?

आपण लहानाला म्हणतो, "पाणी दे." मोठ्याला म्हणतो, "पाणी द्या." 'दे' चा 'द्या' झाला की मान दिला गेला. वेगळा शब्द लागत नाही. तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आपल्या भाषेत आहेत. शिवाय अनोळखी माणसालाही आपण काका, मावशी, दादा, ताई म्हणतो. नात्याची हाक मारली की निम्मे काम होते.

इंग्रजीत तसे नाही. तिथे पोराला 'यू' आणि साहेबालाही 'यू'. 'दे' आणि 'द्या' दोन्हींना एकच शब्द, 'गिव्ह'. मग मान ठेवायचा कुठे? इंग्रजीने त्यासाठी वेगळे शब्द ठेवले आहेत. ते गाळले की मान गळतो.

आपला माणूस मनात "पाणी द्या" असे म्हणतो आणि तोंडाने "गिव्ह मी वॉटर" असे बोलतो. शब्दाला शब्द बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याला ते "ए, पाणी दे" असे ऐकू येते. आपण सभ्य असून उद्धट ठरतो. समोरचा तुसडेपणाने बोलतो आणि आपल्याला वाटते, आपले व्याकरण चुकले. चुकले ते व्याकरण नव्हे. मानाचा शब्द राहिला. "वॉटर, प्लीज" एवढे दोन शब्द बोलला असता, तरी काम झाले असते आणि मानही राहिला असता.

३. चार शब्द

प्लीज – मागताना किंवा विनंती करताना. "वन टिकेट, प्लीज." एक तिकीट द्या. "स्लोली, प्लीज." जरा सावकाश बोला. हे दुसरे वाक्य पाठ करा. समोरचा भराभर बोलू लागला तर ते फार उपयोगी पडते. हे सांगण्यात कमीपणा नाही.

उच्चार नीट करा. मराठीत 'ज' दोन आहेत. जेवणातला 'ज' वेगळा, जावयातला 'ज' वेगळा. 'प्लीज' मध्ये जावयातला 'ज' आहे.

थँक यू – कोणी काही दिले, वाट सांगितली, दार धरले, की लगेच. 'टँक यू' म्हणू नका. टँक म्हणजे टाकी. जिभेचे टोक दातांना लावून 'थ' म्हणा.

काहींना हा शब्द चढ वाटतो. आईने भाकरी वाढली तर आपण "धन्यवाद" म्हणत नाही. म्हटले तर तीच विचारील, "मी काय परकी आहे का?" आपले आभार वेगळे असतात. पंगतीतून उठताना आपण "अन्नदाता सुखी भव" म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरात मुलगासुद्धा आईला थँक यू म्हणतो. त्यांची ती रीत, आपली ही रीत. एक चांगली, दुसरी वाईट असे नाही. ज्या घरी जावे तिथली रीत पाळावी.

सॉरी – धक्का लागला, उशीर झाला, तर. आपला पाय कुणाला लागला की आपण हात लावून नमस्कार करतो. तोच नमस्कार इंग्रजीत तोंडाने करायचा. त्याचे नाव सॉरी.

एक्सक्यूज मी – आपल्या "अहो, जरा ऐकता का?" याच्या जागी. गर्दीतून वाट काढताना, अनोळखी माणसाला हटकताना हा शब्द आधी म्हणावा.

आता हे चारही शब्द वापरून पाहू. कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. बाहेरगावचे पुष्कळ लोक ते पाहायला येतात. असा एक पाहुणा भाजीवाल्या मावशींना वाट विचारतो.

पाहुणा : एक्सक्यूज मी, व्हेअर इज द झू?
मावशी : सॉरी, स्लोली प्लीज.
पाहुणा : द झू. लायन, टायगर.
मावशी : हां! गो स्ट्रेट. देन लेफ्ट. बट टुडे वेन्सडे. झू क्लोज्ड.
पाहुणा : ओह! थँक यू.
मावशी : वेलकम.

मावशींच्या बोलण्यात व्याकरण थोडेच आहे. पण पाहुण्याची खेप वाचली. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असते, हे मावशींना ठाऊक होते आणि त्यांनी ते सांगितले. भाषा यासाठीच असते.

४. विचारावे काय, विचारू नये काय

आपण भेटलो की विचारतो, "कुठं निघालात?" "जेवण झालं का?" "मुलं किती?" "पगार किती मिळतो?" यात आपुलकी असते. इंग्रजी रीतीत अनोळखी माणसाला वय, पगार, लग्न यांविषयी विचारणे अगोचरपणाचे मानतात. "कुठं निघालात?" हेही विचारत नाहीत. आपल्यातही बाहेर निघालेल्याला 'कुठे' म्हणू नये, असे जुनी माणसे सांगतातच.

"हाऊ आर यू?" असे कुणी विचारले तर गुडघेदुखी सांगत बसू नका. ती रामराम घालण्याची पद्धत आहे. "फाइन, थँक यू. अँड यू?" एवढे उत्तर पुरे. डॉक्टरांनी विचारले तर मात्र सगळे सांगा!

५. फुलवाली आणि लाडूवाली

भाषेवरून माणसाची किंमत करण्याची खोड सगळ्या देशांत आहे. तिच्यावर मोठ्या लोकांनी नाटके लिहिली. बर्नार्ड शॉ यांनी 'पिग्मॅलियन' हे इंग्रजी नाटक लिहिले. ते १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आले. त्यात रस्त्यावर फुले विकणारी एक मुलगी आहे. एक प्राध्यापक तिला बड्या लोकांसारखे बोलायला शिकवतो. पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून मराठीत 'ती फुलराणी' केले. ते १९७५ साली रंगभूमीवर आले. त्यात भक्ती बर्वे यांनी फुलवालीचे काम केले.

शॉ यांच्या नाटकात एक मर्माची गोष्ट आहे. प्राध्यापक मुलीला उच्चार शिकवतो, पण तिच्याशी उर्मटपणे वागतो. त्याचा मित्र मात्र पहिल्या दिवसापासून तिला अदबीने हाक मारतो. शेवटी मुलगी सांगते, की सभ्यपणा मी त्या मित्राकडून शिकले. म्हणजे उच्चार घोकून येतो. सभ्यपणा मात्र सभ्य वागणुकीतूनच येतो.

दुसरी गोष्ट पुण्याची. २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश' हा हिंदी चित्रपट निघाला. तो गौरी शिंदे यांनी केला. त्या पुण्यात वाढल्या. त्यांच्या आई घरून लोणच्यांचा व्यवसाय करीत. त्यांचे इंग्रजी चांगले नव्हते, याची मुलीला लहानपणी लाज वाटे. पुढे मुलीने त्या लाजेवरच चित्रपट केला.

चित्रपटातली शशी गोडबोले पुण्यातली गृहिणी. लाडू करून विकते. 'जॅझ' हा शब्द तिला नीट म्हणता येत नाही म्हणून घरातले हसतात. भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते. तिथल्या एका कॉफीच्या दुकानात तिचा अपमान होतो, कारण तिला पटकन इंग्रजीत मागता येत नाही. ती रडते. पण रडत बसत नाही. चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालते. शेवटी लग्नात सगळ्यांपुढे उभी राहून इंग्रजीत चार शब्द बोलते. श्रीदेवी यांनी हे काम केले आहे. चित्रपट जरूर पाहा.

पाहताना एक ध्यानात घ्या. शशी पहिल्यापासूनच कर्तबगार आहे. तिच्या लाडवांना गिऱ्हाईक आहे. इंग्रजी शिकली म्हणून ती मोठी झाली नाही. इंग्रजी शिकल्यावर इतरांना तिचा मोठेपणा दिसला, एवढेच.

६. टीव्हीपुढे बसून शिका

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आता टीव्ही घरोघरी आहे, हातातल्या फोनवरही आहे. त्याच्यापुढे वेळ जातोच. त्यातली पंधरा मिनिटे अभ्यासाची करा.

(१) एखादी साधी घरगुती इंग्रजी मालिका निवडा. मारामारीची नको. त्यात बोलणे कमी आणि शिव्या जास्त.

(२) खाली बोललेले शब्द लिहून येतात, ती ओळ चालू ठेवा. अहमदाबादच्या आय.आय.एम. संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून या युक्तीवर काम केले. गाणे ज्या भाषेत, त्याच भाषेत खाली ओळ दाखवायची. गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव होतो. इंग्रजी अक्षरे येऊ लागली की तुम्हीही हेच करा.

(३) सगळे कळावे असा हट्ट नको. माणसे भेटताना काय म्हणतात, मागताना काय म्हणतात, निघताना काय म्हणतात, तेवढेच टिपा. आपण निघताना "येतो" म्हणतो. ते "सी यू" म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटू. दोघांच्याही मनात परत येण्याचीच भाषा आहे.

(४) रोज एकच वाक्य मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी ते कुणाशी तरी बोला. नातवंडांशी बोला. ती हसली तर हसू द्या. पण हसून झाल्यावर बरोबर कसे म्हणायचे, ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

थेंबे थेंबे तळे साचे. रोज एक वाक्य म्हटले तर वर्षाची ३६५ वाक्ये होतात. तेवढ्यावर माणसाचा व्यवहार सुखाने चालतो.

७. शेवटची गोष्ट

शिकायला उशीर झाला, असे मनात आणू नका. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेली मोठी माणसे तिथे अक्षरे गिरवीत. त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ साली, सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यात त्यांनी इंग्रजी शिका असे सांगितले आहे. ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती, त्यांच्या हाती किल्ली यावी, हा त्यांचा हेतू.

तेव्हा पालकसभेला जा. ताठ मानेने जा. "गुड मॉर्निंग" म्हणा. पुढचे मराठीत बोला. समोरून इंग्रजी आले तर "स्लोली, प्लीज" म्हणा. नातवाच्या अभ्यासाची तुम्हांला काळजी आहे, ती काळजी कोणत्याही भाषेत कळते. निघताना "थँक यू" म्हणायला विसरू नका.

अभ्यास

१. सकाळपासून तुम्ही बोललेले दहा इंग्रजी शब्द मराठीत लिहा.
२. "मला एक चहा द्या." हे इंग्रजीत मान राखून कसे म्हणाल?
३. जेवणातला 'ज' असलेले तीन शब्द आणि जावयातला 'ज' असलेले तीन शब्द सांगा.
४. मावशी आणि पाहुणा यांचे संभाषण दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. मग पुस्तक मिटून म्हणा.
५. आपल्या घरी आभार कसे मानतात? क्षमा कशी मागतात? वर्गात सांगा.

शब्दांचे अर्थ

धास्ती – भीती. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे, येथे, साठा. तुसडेपणा – तोडून बोलण्याची सवय. अगोचरपणा – नको तिथे नाक खुपसणे. मर्म – गाभ्याची गोष्ट. अदब – मान राखून वागणे.